काशिनाथदादांचा ओटा

आमच्या शेजारच्या दुकानात काम झालं की गिऱ्हाइकाला कॉम्प्युटर स्वतःच्या हाताने बंद करावा लागतो. काशिनाथदादा आधी तो माउसने रीतसर बंद करतात आणि मग भिंतीवरच्या बटणाकडे बोट दाखवतात. "दाबा. तुमच्या हातानं." माणूस बुचकळ्यात पडतो, रांगेतले लोक उसासे टाकतात. बटण दाबलं की दादा समाधानाने म्हणतात, "ओटा पुसला." आणि मग पुढच्या माणसासाठी तोच कॉम्प्युटर पुन्हा चालू.

हे दुकान खालापुरात, तहसील कचेरीच्या रस्त्याला. त्याला लागून माझं झेरॉक्सचं. मधली भिंत म्हणजे नुसती छातीइतक्या उंचीची प्लायवूडची फळी, त्यामुळे पलीकडचं सगळं दिसतं आणि पलीकडे कोण शिंकलं तेही मला कळतं. उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्डात सुनेचं नाव, सातबारा, असले सगळे ऑनलाइन अर्ज दादा भरतात आणि त्यांच्या प्रती मी काढते. माझं निम्मं गिऱ्हाईक त्यांच्यामुळे येतं, तेव्हा मी त्यांचं कौतुक जरा जास्त करत असेन तर तेवढं समजून घ्या.

आता हा ओटा म्हणजे काय, हे त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. कॉम्प्युटरात दोन जागा असतात. एक डिस्क. तिथे ठेवलेलं वर्षानुवर्षं राहतं, पण काढा-ठेवायला वेळ लागतो. दुसरी मेमरी. तिथे तो हातातलं काम धरून ठेवतो. ती भलतीच चपळ, पण वीज गेली की तिथलं सगळं गेलं. दादा खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांच्या भाषेत डिस्क म्हणजे कोठी आणि मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. बरीचशी मेमरी रिकामीच पडून असते हे त्यांच्या लक्षात आलं. मग कुठून कुठून वाचून त्यांनी त्या रिकाम्या मेमरीचाच एक खोटा ड्राइव्ह तयार केला. कॉम्प्युटरला वाटतं ही डिस्कच आहे. स्कॅन, फोटो, अर्ज, सगळं काम तिच्यावर.

"तांदळाची कोठी घडीघडी कोण उघडतंय? लागंल तेवडं ओट्यावर घ्यायचं नि रांधायचं. हाय का नाय?"

'हाय का नाय' हे त्यांचं पालुपद. उत्तरासाठी ते थांबत नाहीत.

आणि खरं सांगते, चालतो तो ओटा. त्यांचा कॉम्प्युटर इतका जुना आहे की भंगारवाल्याने दोनदा चौकशी केलीय. पण ओट्यावरचा फोटो माउसवरून बोट उचलायच्या आत उघडतो. कर्जतहून एक दुरुस्तीवाला आला होता. तो म्हणाला, "काका, हे सगळं कशाला? हल्ली जलद डिस्क मिळते, ती टाकून घ्या."

"ती जलद हाय, पन ती इसरत नाय," दादा म्हणाले. "मला इसरनारी पायजे."

दुरुस्तीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी खांदे उडवले. मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. ओट्यावर मिनिटं वाचवायची आणि ती बंद-चालू करण्यात उधळायची, ही कुठली रीत? दहिवलीची एक बाई तीन दिवसांनी परत आली. म्हणाली, "माझं आधार तुमच्याकडे स्कॅन केलेलं आहे ना, तेच लावा." दादा शांतपणे म्हणाले, "ओटा पुसला." बिचारी परत दहिवलीला गेली. एकदा तर अर्जाच्या शेवटच्या पानावर वीज गेली. त्यांच्या यूपीएसने दोन-चार शिट्ट्या मारल्या आणि मान टाकली. समोरचा माणूस कपाळाला हात लावून बसला. "सांडलं," दादा म्हणाले, "परत मांडू." आणि वीज आल्यावर पहिल्या ओळीपासून न चिडता सगळं परत भरलं.

मी एकदा तोंडावर बोलले, "दादा, तुम्ही वेळ वाचवता की घालवता?"

"येळ वाचवाया कोन बसलंय गं, सुलभा?"

असल्या माणसाशी काय वाद घालणार.

एक दिवस मात्र मी त्यांच्यावर बेहद्द खूश झाले. एक जमिनीचा दलाल आला होता. पांढरे बूट, मनगटात सोन्याचं कडं. आमच्याकडे हमरस्त्याच्या कडेच्या जमिनींवर असल्यांचा फार डोळा. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "दादा, एवढ्या गावांचे कागद तुमच्या हातून जातात. एखादी कॉपी असेलच की आत."

दादांनी मॉनिटर त्याच्याकडे फिरवला, माउस त्याच्या हातात दिला. "शोधा." वर त्याला चहा मागवला. तो अर्धा तास शोधत होता. काहीही नाही. एक देवीचा फोटो सापडला, तोही कॅलेंडरचा. शेवटी तो उठला, तर दादांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "दाबा. तुमच्या हातानं." आणि त्या गृहस्थाने निमूटपणे दाबलंसुद्धा. मी फळीमागे तोंडाला पदर लावून हसत होते.

हे असं का, ते मला एका दुपारी कळलं. वीज सकाळपासून गेलेली. दोघांची दुकानं ठप्प. आम्ही बाकावर डबे उघडून बसलो होतो आणि दादा आपण होऊन बोलायला लागले.

आधी ते सगळ्यांचे कागद कोठीत जपून ठेवायचे. प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर. लोकांना परत हेलपाटा नको, म्हणून. त्यांची थोरली बहीण हिराताई पळसदरीच्या पुढे राहते. नवरा गेल्यावर वारस म्हणून नाव लावायला ती भावाकडेच आली. आधार, फोटो, अंगठ्याचा ठसा असलेला कागद, सगळं दादांनी स्कॅन करून ठेवलं. फोल्डरचं नाव 'ताई'. पुढे एक माणूस अर्ज भरायला आला. दादा त्याच्यासाठीच चहा सांगायला बाहेर गेले, तेवढ्यात त्याने ते फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं. त्या कागदांवरून खोटा दस्त झाला आणि हिराताईचं भाताचं शेत दुसऱ्याच्या नावावर गेलं. अजून कोर्टात चालू आहे.

"भांडली नाय ती," दादा म्हणाले. "भांडली असती तर बरं झालं असतं. येवडंच बोलली, आपला म्हनून तुज्या हातात दिलं रं. त्या सालापासनं भाऊबीजंला येत नाय. मी गेलो तर दार उघडती, पानी देती, बोलत नाय."

त्यांच्या डब्यातली भाजी तशीच होती.

"जिमीन कोर्ट देईल नायतर नाय देनार. माजं येवडंच हाय सुलभा, तिनं परत येक कागद माज्या हातात द्यावा. येकच."

मी त्यांना चार वर्षं विक्षिप्त म्हणत होते. मला माझीच लाज वाटली.

गेल्या साली दिवाळी उलटल्यावर एक म्हातारी माझ्या काउंटरशी आली. हातात प्लास्टिकची पिशवी, तिला रबर लावलेलं. "बाय, नवऱ्याची पेन्शन हाय. हयातीचा दाखला द्यायाचा हाय, मशिनवर अंगठा लावून. आमचा कर्जतवाला दुकान बंद करून गावाला गेलाय."

तिचा आवाज निघाला आणि फळीपलीकडचा कीबोर्ड थांबला. पिशवीतून आधार बाहेर आलं, मी नाव वाचलं. हिराबाई.

"दाखला शेजारी होतो, आजी," मी म्हटलं.

"तितं कोन बसतंय ते म्हाईत हाय मला. दुसरं कोन नाय का हितं?"

खोटं कसं बोलणार? एस्टी स्टँडजवळ एक जण करतो, हे मी सांगितलं. पण मला राहवेना. "जा हवं तर. पण आधी इथे उभ्या राहून एक बघा."

शेजारी एका माणसाचं काम संपत आलं होतं. दादांनी कॉम्प्युटर बंद केला, भिंतीकडे बोट केलं. माणसाने बटण दाबलं. "ओटा पुसला," दादा म्हणाले.

"ह्ये काय करतो?" म्हातारीने मला विचारलं. मी सांगितलं. कुणाचाही कागद आत राहत नाही, आणि ते ज्याने त्याने आपल्या हाताने करायचं.

"समद्यांना करायला लावतो?"

"सगळ्यांना. चार वर्षं. लोक शिव्या घालतात, मीसुद्धा घातल्यात."

तिने आधार परत पिशवीत घातलं, रबर लावलं. मग दादांच्या दुकानात गेली आणि पिशवी टेबलावर ठेवली.

दादांनी वर बघितलंच नाही. पिशवीचं रबर काढायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. मॉनिटर तिच्याकडे फिरवून ते काम करत होते, आणि एकदाही 'हाय का नाय' म्हणाले नाहीत. अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवलं तेव्हा मात्र हात मागे घेतला आणि वाट बघत बसले. हिराताईने अंगठा पदराला पुसला आणि यंत्रावर ठेवला.

काम झालं. दादा कॉम्प्युटर बंद करायला लागले तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे की कागद तुज्याकडं. फुडल्या साली परत लागतील. मी कुटं हेलपाटं घालू रं, काशा?"

दादांचा हात माउसवर तसाच राहिला. पलीकडून मी बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस कोठी उघडणार.

"नाय ताई," ते म्हणाले. "फुडल्या साली परत घेऊन ये. हेलपाटा पडू दे." आणि त्यांनी भिंतीकडे बोट केलं. "दाब. तुज्या हातानं."

तिने उठून बटण दाबलं. मग पिशवीला रबर लावत विचारलं, "फुडल्या साली कंदी आनू?"

"भाऊबीजंला आन."

"त्या दिशी कचेरी बंद असती."

"असू दे."

ती पिशवी काखेत मारून तिथेच बाकावर बसली. रांगेतला एक जण म्हणाला, "काका, चालू करताय ना?" दादांना ऐकू गेलं नाही. मग मीच फळीला वळसा घालून गेले आणि भिंतीवरचं बटण चालू केलं.