तात्यांची गोड मेल

पंपाच्या टेंडरचं दर लिहिलेलं पाकीट संध्याकाळी पाचपर्यंत पोचवायचं होतं, आणि दुपारी दोनला कारखान्याच्या कॉम्प्युटरवर मालक तात्यासाहेबांच्या नावानं एक सोडून दोन मेल येऊन बसल्या. नव्या कारकुनानं, शशिधरनं, कपाळाला हात लावला. ह्याच महिन्यात त्याला नोकरीत कायम करायचं चाललं होतं.

पहिली मेल म्हणत होती, "प्रिय शशिधर, आपला दर कृपया कोणालाही कळवू नये. धन्यवाद." दुसरी म्हणत होती, "ए रताळ्या, झोपलायस काय? दर काय धरलाय त्यो लगीच पाठीव, न्हाईतर घरला जा!"

"रत्नव्वा, ह्यातली एक बनावट हाय," शशिधर म्हणाला. कुणीही कुणाच्याही नावानं मेल धाडतं, भाषा बघून माणूस ओळखा, असं कॉम्प्युटर क्लासच्या सरांनी गेल्याच आठवड्यात बजावलं होतं.

टायपिस्ट रत्नव्वा तात्यांकडं वीस वर्षं होती. शशिधरला ती कानडीत 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायची. "तम्मा, तात्या कवा 'कृपया' म्हणाल्यात? लेकाच्या लग्नात व्याह्यालाबी शिवी घातलीया त्यांनी."

"म्हंजे गोड मेल बनावट!" शशिधरला स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक वाटलं. गोड मेलला त्यानं उत्तर ठोकलं, "चोरा, आमचं तात्या असं गुळचट बोलत न्हाईत." आणि शिव्यांच्या मेलला अदबीनं दर कळवून टाकला.

तीनला तात्यासाहेब स्वतः आले, हात जोडून. "शशिधर, बाळ, मला चोर का म्हणालास?"

शशिधर खुर्चीतून ताडकन उठला. जैनांचं दशलक्षण पर्व चालू होतं. तात्यांनी दहा दिवस शिवी न देण्याचा नेम धरला होता, आणि ती गोड मेल सुनेला सांगून लिहून घेतली होती.

"मग ही शिव्यांची कुणाची? तिला तर मी दर कळवला की!"

"भिंतीपलीकडच्या कृष्णाताची, दुसऱ्या कुणाची? त्याचाबी पंपाचाच कारखाना. माझं बोलणं रोज फुकट ऐकतोय की. असू दे, पाकीट अजून आपल्यापाशी हाय, दर खाली आणू. तुला मी क्षमा केली."

आता मात्र शशिधरला घाम फुटला. तात्या ज्याला शिव्या घालत तो माणूस टिकायचा. ज्याच्याशी गोड बोलत, तो दुसऱ्या दिवशी कारखान्यात दिसायचा नाही.

"तात्या, पाया पडतो, एक तरी शिवी घाला वो!"

तात्या लालबुंद झाले. ओठ थरथरले, पण शब्द गिळला. मग ते रत्नव्वाकडं वळले. "तुमचा काय नेम न्हाई न्हवं? जरा माझ्या जागी बोला."

रत्नव्वानं पदर खोचला. "मुडद्या! बिनडोक्या! क्लासला जाऊन ह्येच शिकलास व्हय रं? पाचाच्या आत पाकीट पोचीव, आणि उद्या येळंवर कामाला ये!"

शशिधरच्या डोळ्यांत आनंदानं पाणी आलं. नोकरी वाचली होती. तात्याही समाधानानं मान डोलावत होते.

पोराला शिव्या घालून झाल्या तशी रत्नव्वा तात्यांकडं फिरली. "आणि तुमी वो! नेम धरलाय, ह्ये हापिसात आदी सांगाय तोंडाला काय झालतं?"

वीस वर्षांचं साठलेलं होतं, ती काय थांबते! तात्या हात जोडून ऐकत राहिले. नेमाचे अजून सहा दिवस बाकी होते.