मोहरीच्या उशीचा नेम

"बाळाचं डोकं डावीकडून चपटं होऊन राहिलं," असं सुहासिनीबाईंनी लेकीच्या घरात पाऊल टाकल्याबरोबर, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात न घेता जाहीर केलं.

नातीसाठी त्यांनी नागपूरहून मोहरीची उशी शिवून आणली होती. अमेरिकेत बी-बियाणं आणू देत नाहीत हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. म्हणून ह्यूस्टनला उतरल्यावर बाईंनी ती उशी स्वतःच्याच मानेखाली घेतली, व्हीलचेअर मागवली आणि कण्हत कण्हत कस्टम्स पार केलं. बाहेर आल्यावर त्या व्हीलचेअरवरून उठून बॅगा मोजायला लागल्या.

"आई, डॉक्टरने स्ट्रिक्टली सांगितलंय, नो पिलो," स्वानंदी म्हणाली.

"तुझं डोकं काय डॉक्टरने गोल केलं होतं?"

शेवटी तह झाला. उशी पाळण्यात जाणार नाही, फक्त आजीच्या मांडीवर, आजीच्या डोळ्यांदेखत. तहावर सही करतानाच ती उशी गायब कशी करावी याचा विचार स्वानंदी करत होती. आईला मात्र तिने तसं दिसू दिलं नाही.

त्याच घराच्या गराजमध्ये वेगळाच कारखाना चालू होता. जावई शंतनू शुगर लँडच्या एका तेल कंपनीत व्हॉल्व्ह डिझाइन करायचा. ग्रीन कार्ड आलं की माणसं नायगारा बघून येतात; शंतनूने बंदुकीची नळी मागवली. लांबच्या निशाण्यावर अचूक लागणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल एकेक भाग जमवून स्वतःच्या हाताने बांधायची, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. नळी एकीकडची, ट्रिगर दुसरीकडचा, दुर्बीण तिसरीकडची. स्वतःच्या लग्नाच्या वेळी त्याने स्थळांची एवढी चौकशी केली नव्हती, असं स्वानंदी म्हणायची. रायफल गराजमध्ये एसीत राहायची आणि स्वानंदीची गाडी बाहेर टेक्सासच्या उन्हात करपायची.

एवढं करून रायफल लागत होती कशी? सहाशे यार्डांवरच्या कागदावर त्याच्या गोळ्या परातीएवढ्या जागेत विखुरत. नवा भाग बसवला की नवी परात.

पहिल्याच आठवड्यात सुहासिनीबाई गराजमध्ये डोकावल्या. "काय करून राहिले, जावईबापू?"

"रायफल आहे, आई. सेमी-ऑटोमॅटिक."

"बाप्पा! आमच्याकडे पण सेमीच होती. ओले कपडे हाताने उचलून दुसऱ्या टबात टाका, अन् कंबर धरून बसा. एवढा खर्च केलाच, तर फुल ऑटोमॅटिक घ्यायची नं."

"फुल घेतली तर पोलीस येतात, आई."

सुहासिनीबाईंना ते अजिबात पटलं नाही. तान्ह्या मुलीच्या घरात बंदूक हवीच कशाला, असं त्यांनी रोज जेवताना विचारायला सुरुवात केली. लेकीला आयतंच बळ आलं. येत्या शनिवारी शंतनूच्या नेमबाजी क्लबची मॅच होती. स्वानंदीने जेवणाच्या टेबलावर निकाल दिला, "क्वालिफाय झालास तर ठेव. नाही झालास तर विकून टाक. गराज मला परत पाहिजे."

दीड वर्ष जिच्यासाठी दर रविवार खर्ची घातला, ती एका सकाळीत जाणार या विचाराने शंतनूला खरोखर रडू येत होतं.

शनिवारी पहाटे ऑफिसातला मित्र गिरीश गाडी घेऊन दारात आला. गिरीश मूळचा पुण्याचा, त्यामुळे नेमबाजीत बरा आणि बोलण्यात त्याहून बरा. शंतनूने सामान मोजून बघितलं, तर रायफलीच्या दस्त्याखाली, खांद्याकडच्या टोकाला, ठेवायची काळी पिशवी नाही. बारीक प्लास्टिकच्या मण्यांनी भरलेली ती पिशवी नसेल, तर नेम धरताना रायफल डुगडुगते.

"आई, इथे एक काळी पिशवी होती..."

"ते गाठोडं? कसलं तेलकट वास मारून राहिलं होतं! काल बाळाच्या दुपट्यांबरोबर धुऊन टाकलं नं. शिवणच कच्ची हो त्याची."

पिशवी दोरीवर वाळत होती. मणी वॉशिंग मशीनच्या पोटात होते. बाहेर गिरीश हॉर्न वाजवत होता. शंतनूची नजर गरागरा फिरली आणि सोफ्यावर येऊन थांबली. सोफ्यावर उशी होती. सासऱ्यांच्या मऊ धोतराची, कडेने पिवळी बदकं शिवलेली. सुहासिनीबाई काढा उकळायला आत वळल्या, तेवढ्यात बदकं जॅकेटखाली गेली.

क्लबची नेमबाजीची रेंज शहराबाहेर, गायींच्या कुरणांपलीकडे. तिथे सगळी टोप्या घातलेली, दाढ्या राखलेली माणसं. त्यांच्यामध्ये शंतनू बदकांची उशी घेऊन पालथा पडला.

"बाळंतविडा आणलायस का यार?" गिरीश म्हणाला.

"गप बस. नेम धरू दे."

दस्ता उशीवर टेकला आणि मोहरी त्याच्याभोवती हळूच सरकून घट्ट बसली. रायफल हलेना. सेमी-ऑटोमॅटिकची खोड अशी की एक गोळी सुटली की आतलं यंत्र मागे-पुढे धडकून पुढची गोळी आपणच भरतं, आणि तेवढ्या हिसक्याने धरलेला नेम सुटतो. आज हिसका बसे आणि रायफल पुन्हा आपल्या खळगीत येऊन निजे. शंतनू भराभर गोळ्या झाडत गेला. शेवटची झाडून त्याने दुर्बिणीतून पाहिलं. परात नव्हती. पुरी होती. सगळी भोकं मिळून एक छोटी, टम्म पुरी.

"गिऱ्या, बघ!" त्याचा आवाज फुटला.

"सीज फायर!" रेंजचा प्रमुख अर्ल ओरडला. हा लाल मानेचा, पहाडासारखा म्हातारा एरवी कुजबुजतसुद्धा नसे. सगळ्यांनी रायफली रिकाम्या करून खाली ठेवल्या. शंतनूनेही रिकामी केली. पण आनंदाने त्याचं मन इतकं भरून आलं होतं की नुसती जमिनीवर ठेवणं त्याला जड गेलं. त्याने तिला अलगद आडवं केलं आणि तापलेल्या नळीचं टोक बाळाचं डोकं ठेवावं तसं उशीवर टेकवलं.

माणसं आपापले कागद आणायला मैदानात चालू लागली. सगळीकडे शांतता.

"तड."

अर्ल जागच्या जागी वळला.

"तड तड. तडतडतड!"

मैदानातली माणसं धडाधड गवतात पालथी पडली. "सीज फायर म्हणजे सीज फायर!" अर्ल किंचाळला. "कोण झाडतंय?" सगळ्यांनी हात वर केले. शंतनूनेही केले. त्याची रायफल उघडी, रिकामी, आणि तरीही तडतडत होती. नळीखालच्या उशीच्या धोतराला काळं भोक पडलं होतं, दोन बदकं जळाली होती, आणि टेक्सासच्या कुरणावर खमंग वास पसरत होता.

गिरीशने डोळे मिटून खोल श्वास घेतला. "हिंग राहिला, यार."

अर्लने बुटाच्या टोकाने दाणे चाळवले. "बेटा, हा कुठला दारूगोळा?"

"मस्टर्ड, सर. माझ्या मुलीची उशी आहे."

अर्लने उशीकडे, मग दुर्बिणीतून कागदाकडे, मग पुन्हा उशीकडे पाहिलं. "नेम छान आहे. पण सीज फायरनंतर आवाज म्हणजे बाद. नियमात मोहरीला सूट नाही." जाताना मात्र त्याने मूठभर न जळलेली मोहरी खिशात घातली.

गिरीशच्या गाडीतून शंतनू घरी निघाला. रायफल तर गेलीच होती. वर सासूबाईंची उशीही गेली. मांडीवर कागदाची गुंडाळी होती आणि पायाशी मोहरी सांडत होती.

दारातच स्वानंदी भेटली. तिने त्याच्या हातातली जळकी उशी पाहिली आणि त्याला चक्क मिठी मारली. "उशी तू नेलीस? थँक गॉड! मी इतके दिवस तिचं काय करायचं याचाच विचार करत होते. मॅच?"

"बाद केलं."

"मग उद्या रायफल विकायची," ती प्रेमाने म्हणाली.

तेवढ्यात सुहासिनीबाई बाळाला घेऊन बाहेर आल्या. सकाळपासून त्यांनी सोफा, कपाटं, इतकंच काय फ्रीजदेखील धुंडाळला होता. त्यांनी आधी नाक फेंदारलं. "फोडणी कुठे दिली?" मग त्यांना धोतर दिसलं.

शंतनूने सगळं सांगितलं. पिशवी, हॉर्न, दस्ता, नळी, तडतड. एकही गोष्ट लपवली नाही, कारण लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "चूक झाली, आई. पण तुमच्या उशीवर ठेवली आणि पहिल्यांदा... हे बघा." त्याने कागद उलगडला. गराजमधून मागच्या महिन्याचा, परातीचा कागदही आणून शेजारी धरला.

सुहासिनीबाईंनी बाळाला लेकीच्या हातात दिलं आणि चष्मा चढवला. एक कागद बघितला. दुसरा बघितला. पुरीभोवती बोट फिरवलं.

"हा बिनउशीचा?"

"हो."

"अन् हा माह्या मोहरीचा?"

"हो, आई."

बाईंच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू ओसरला आणि तिथे असा काही आनंद पसरला, की तसा जावयाने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. "पाहा! पाहा किती गोल आलं! लोखंडाचं गोल झालं, मग पोरीचं डोकं नाही होणार?"

"आई, याचा काहीही संबंध नाहीये!" स्वानंदी म्हणाली.

"तू गप्प बस. बंदूक कुठे जाणार नाही. जावईबापू, उद्या मोहरी आणा, बारीकवाली. दोन उशा शिवते, एक पोरीला, एक बंदुकीला." त्यांनी पुरीचा कागद घडी न पाडता गुंडाळला आणि बाळाच्या लशींच्या फाइलमध्ये ठेवला. "बुधवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचं आहे नं? त्यांना दाखवते."

स्वानंदीने मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा अत्यंत बारकाईने छताकडे पाहत होता.

"का हो," सुहासिनीबाई थोडा विचार करून म्हणाल्या, "नुसत्या कागदाने त्यांना पटेल का? बंदूक पण सोबत नेऊ?"

"नको आई," शंतनू घाईघाईने म्हणाला, "कागद पुरे."