रिव्हर्समधलं माहेर

एका जंगलात, मुलांनो, जिथले सगळे प्राणी शिकलेसवरलेले होते आणि तरी त्यांचं बरं चाललं होतं, केसोजीराव नावाचे एक अस्वल राहायचे. निवृत्त होते. म्हणजे सगळ्यांना सल्ले द्यायला मोकळे होते. चुळबुळ करू नका, गोष्ट लहान आहे आणि तिच्यातली अक्कल त्याहून लहान.

केसोजीरावांची लेक रेणू दक्षिणेला, जांभूळवनात दिली होती. तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही रीत. पण डॉक्टर बगळ्यांनी तिला प्रवास करायला साफ मनाई केली. रीतीपेक्षा रस्त्यातल्या खड्ड्यांवर त्यांचा जास्त विश्वास होता. रेणूने रडून निरोप धाडला की आई जवळ नसेल तर मला भीती वाटते.

तिची आई मधुमतीबाई रडत बसल्या नाहीत. लेक माहेरी येत नसेल तर माहेर लेकीच्या दारात नेऊ, असं म्हणाल्या आणि डिंक तळायला बसल्या.

म्हणून घरगाडी आली. चाकांवरचं घरच ते. आत पलंग, ओटा, बाळंतिणीच्या शेकशेगडीला जागा. टकोजी सुतारपक्ष्याने टपावर उन्हाची वीज करणाऱ्या काळ्या प्लेटा ठोकल्या. दिवा, गरम पाणी, एवढंच काय, चाकंसुद्धा त्याच विजेवर फिरायची. थंडीतलं ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं आणि जायचंही दक्षिणेलाच, म्हणून त्याने प्लेटा गाडीच्या तोंडाकडे कलत्या बसवल्या. झालं, आता निघायचं, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही लहान आहात.

केसोजीराव मधुमतीबाईंना घेऊन मुहूर्त विचारायला घुघुमशास्त्र्यांकडे गेले. शास्त्रीबुवा घुबड होते. दिवसभर झोपायचे, त्यामुळे सूर्य त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण सूर्यावर त्यांची व्याख्यानं फार रंगत. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं की गाडीला घर म्हणता ना, मग घराचं तोंड दक्षिणेला कसं चालेल? दक्षिण ही यमाची दिशा.

केसोजीरावांच्या अंगावरचे केस उभे राहिले. अस्वलाचे केस ते, बराच वेळ उभे होते.

"अहो, पण लेकच दक्षिणेला दिलीय," मधुमतीबाई म्हणाल्या. "ती देताना नाही आठवला का यम?"

यावर शास्त्रीबुवांनी तोडगा काढला. जा दक्षिणेलाच, पण घराचं तोंड उत्तरेला ठेवून जा. म्हणजे काय, तर गाडी रिव्हर्समध्ये न्या. थेट जांभूळवनापर्यंत.

हसू नका. सगळं जंगल या बुद्धीवर खूश झालं.

तर माहेर निघालं, पाठमोरं. केसोजीराव उत्तरेकडे तोंड करून आरशात बघत गाडी हाकत होते. गाडी फिरली तशा प्लेटाही फिरल्या. त्यांच्यावर ऊन यायचं ते उभ्या उभ्या आलेल्या पाहुण्यासारखं, चहासुद्धा न घेता जायचं. त्यात गाडी मागे घेताना जी धून वाजते, ती वाजतच राहिली. तुमच्या बिल्डिंगीखाली वाजते तीच. जी काही वीज साठायची ती धूनच खाऊन टाकायची.

अर्ध्या वाटेवर, माळरानात, धून रडक्या सुरात गेली आणि बंद पडली. दिवा गेला, चाकं थांबली. वर ऊन लख्ख पडलं होतं, पण ते गाडीच्या पाठीला.

"गाडी नुसती वळवा," मधुमतीबाई म्हणाल्या. "तासभर ऊन खाऊ द्या तिला. पोर वाट बघतेय माझी."

केसोजीराव म्हणाले की अपशकुन नको, लेकीच्या जिवाचा प्रश्न आहे.

"तिच्या जिवाचाच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी लाडवांचा डबा पाठीला बांधला, नवऱ्याकडे पाठ केली आणि दक्षिणेकडे तोंड करून सरळ चालू लागल्या. रात्रभर चालल्या. पहाटे रेणूच्या कळा वाढल्या तेव्हा तिचा हात आईच्या हातात होता. मुलगी झाली. दोघी सुखरूप. रेणूच्या घराचं दार दक्षिणेला होतं, पण बाळाने ते बघितलं नाही, आली आपली.

बारशाच्या दिवशी दोन गव्यांनी घरगाडी ओढत आणली, अर्थात उलटी. नातीला बघायला केसोजीराव उतरले मात्र नाहीत. पहिलं दर्शन दक्षिणेकडे तोंड करून घ्यायचं नाही, असं शास्त्रीबुवांनी बजावलं होतं. मधुमतीबाईही काही वळसा घालून पुढे गेल्या नाहीत. बाळाला घेऊन त्या गाडीच्या मागेच उभ्या राहिल्या. शेवटी आजोबांनी नातीचं तोंड आरशात पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी आरसा पुसला, पण तो स्वच्छच होता.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "तोंड उत्तरेला ठेवलं म्हणून सगळं नीट पार पडलं."

जंगलाला ते पटलं. हल्ली तिथे सगळेच रिव्हर्समध्ये जातात, आणि रात्रंदिवस धून वाजते. मधुमतीबाई तेवढ्या चालत जातात. त्यांना जंगलात अडाणी म्हणतात.

तात्पर्य : मुलांनो, आपण कुठे चाललो आहोत याची चिंता करू नये, तोंड शुभ दिशेला असलं की पुरे. पोचायचं काम बायकोवर सोपवावं, आणि श्रेय शास्त्रीबुवांना द्यावं.