डाव्या कडेचा गोडवा

माणसाची संस्कृती तो काय पितो यावरून नव्हे, तर पिण्याआधी किती वेळ ताटकळतो यावरून ठरते. या कसोटीवर आखातातल्या झिंज वस्तीतलं आमचं ऊलाँग आस्वाद मंडळ फारच सुसंस्कृत आहे. उत्तम ऊलाँग चहाची खूणही सर्वश्रुतच आहे: तिसऱ्या घोटानंतर जिभेच्या डाव्या कडेला हलकासा गोडवा रेंगाळतो. जाणत्या वाचकाला हे सांगायला नकोच.

मंडळाचे संस्थापक शरच्चंद्र साहेब. कंपनीने त्यांना आठ दिवस चीनला पंप पाहायला पाठवलं. ते चहा पाहून आले. (पंप अजून यायचेत.) तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी सित्र्याच्या प्लँटमधले आम्ही अकरा जण त्यांच्या दिवाणखान्यात मांडी घालून बसतो. उपस्थिती ऐच्छिक आहे. आम्हा सगळ्यांच्या रजा साहेबच मंजूर करतात, हा निव्वळ योगायोग.

नियम थोडके. दूध, साखर, आलं आणि भुरका वर्ज्य. पहिलं पाणी पानांची झोपमोड करण्यापुरतं. ते वाडग्यात काढून फेकून द्यायचं. कप भातुकलीतले. प्रत्येक घोटाला अभिप्राय सक्तीचा. आजवर नऊ सदस्यांना ऑर्किडचा दरवळ आला आहे. त्यांपैकी ऑर्किड पाहिलेला एक, आणि तेही प्लॅस्टिकचं. बैठक संपली की मंडळ शिस्तीत जिना उतरतं आणि खाली फारुखच्या दुकानात दुधाळ, गोडमिट्ट करक चहा दोन-दोन कप पितं. (इतिवृत्तात याची नोंद नसते.)

दोन महिन्यांपूर्वी आमच्या फिटर हरिदासला मंडळाचं बोलावणं आलं. त्याची मुलगी श्रावस्ती नागपूरला आठ महिन्यांची झाली होती, आणि तिच्या लेखी बाप हा मोबाइलमध्ये राहणारा कुणी गृहस्थ होता. रजेचा अर्ज तीनदा ‘इंशाल्ला’ होऊन परत आलेला. कंपनीच्या बसमध्ये मी त्याला पढवलं, "काही विचारलं तर डाव्या कडेचं सांग. खलास."

पण पहिल्या पाण्याचं सांगायचं राहिलं. साहेबांनी ते वाडग्यात काढलं, आणि हरिदासने पाहुण्याचा मान समजून वाडगं उचललं आणि एका दमात रिकामं केलं. साहेबांच्या पत्नी मेधावहिनी किटली हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मला त्याची रजा गेलेली स्पष्ट दिसली.

"काय जाणवलं?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, जिभेच्या डाव्या कडेला गोड लागून राह्यलं."

साहेबांनी वाडग्याच्या तळाशी उरलेला थेंब जिभेवर घेतला आणि डोळे मिटले. "पहिल्याच पाण्यात," ते पुटपुटले, "आणि आपण हे मोरीत ओतत होतो." रजा तिथेच मंजूर झाली, महिनाभराची. तेव्हापासून मंडळ पहिलं पाणी पितं आणि चहा फेकून देतं.

हरिदास परवा परतला. पोरगी दोन दिवस त्याला पाहून रडली, तिसऱ्या दिवशी खांद्यावर झोपली म्हणाला. फारुखकडे त्याने मला करक पाजला आणि विचारलं, "पण भाऊ, हे डाव्या कडेचं तुम्ही कुठं वाचलं जी?"

कुठेच नाही. माझी रजा अडकली होती तेव्हा बसमध्ये बसल्या बसल्या मीच ते रचलं. साहेबांना तो गोडवा लागला हे मी समजू शकतो. त्यांनी त्यासाठी चीन गाठलं होतं. पण वर पहिल्याच परिच्छेदात तुम्हीही मान डोलावलीत, आणि जीभ हळूच डाव्या बाजूला फिरवून पाहिलीत. शुक्रवारी या, एका माणसाची जागा आहे.