पोवळ्याचा खांदा आणि एकवीस मांडव

एका जंगलात, बाळांनो, पोवळ्या नावाचा बैल होता. जंगलात बैल कुठला, म्हणून विचारू नका. जिथं ओझं असतं, तिथं बैल असतोच.

सिंहमहाराजांच्या दरबाराचं सगळं सामान तोच ओढी. जू घासून घासून खांदा पार सोलवटला होता. तरी तो दिवस ढकलत होता, पोळ्याच्या आशेवर. पोळ्याच्या आदल्या दिवशी म्हातारी माकडीण हळद-तुपानं त्याचा खांदा मळायची. मग दोन दिवस जुवाला शिवायचं नाही. रीतच होती ती.

यंदा कारभारीण कोल्ही म्हणाली, "महाराज, चिमूटभर हळद न् दोन दिवस सुट्टी? शेजारचं जंगल हसेल! आपण कामकऱ्यांचा आरोग्य मेळावा भरवू. चांगले एकवीस स्टॉल लावू."

महाराजांनी मान हलवली. झालं! खांदेमळणी रद्द.

कोल्हीनं धुळीत नकाशा काढला. दाराशी जळू, रक्त तपासायला. तिच्या शेजारी मगर, दात बघायला. बगळा ध्यान शिकवणार. अजगर मिठी मारून ताण घालवणार. गिधाड म्हणालं, "मला बाहेर पडायच्या वाटेवर बसवा. माझ्याकडं गिऱ्हाईक शेवटीच येतं."

"न् मी कुठं बसू गं?" माकडिणीनं विचारलं.

"तू काय वाटणार? टोपी? पिशवी?"

"हळद."

"मग राहू दे, आजी. जागा नाही."

आता मांडवांचे बांबू कोण आणणार? पोवळ्याच की. जळूला सावली हवी, मगरीला पाणी जवळ हवं. नकाशा तीनदा बदलला, बांबू तीनदा हलले. मेळाव्याच्या सकाळी खांद्यातून रक्तच वाहायला लागलं.

"जळूबाई, एवढं बघता का?"

जळूनं बघितलं. चाखलंसुद्धा. "रक्त झकास आहे हो तुमचं!"

मगर म्हणाली, "दात मजबूत." बगळा म्हणाला, "डोळे मीट, खांदा दिसणारच नाही." अजगराच्या मांडवावरून पोवळ्या लांबूनच गेला. गिधाड नुसतं मायेनं बघत राहिलं.

संध्याकाळी महाराजांनी विचारलं, "काय रे, काही कमी पडलं का?"

पोवळ्यानं धीर केला. "महाराज, खांदा लई दुखतोय. तेवढी हळद..."

कोल्ही टुणकन उठली. "ऐकलंत, महाराज? खांद्याचा स्टॉल राहिलाच! पुढच्या साली बावीस."

महाराजांचे डोळे भरून आले. "पोवळ्या, तुझ्यासाठीच रे हे सगळं. उद्याच बांबू आणायला लाग."

तात्पर्य : कामकऱ्यानं नेहमी ठणठणीत असावं. त्याच्या तब्येतीची काळजी घ्यायला फार कष्ट पडतात, आणि ते त्यालाच करावे लागतात.