चार म्हणजे चार!

"चार म्हणजे चार! लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, मी घड्याळाकडे बघतो," असं बायकोला ठणकावून सांगून आमचा नकाशे काढणारा आरेखक सकाळी घराबाहेर पडला होता. ऑफिसात त्याला सगळे काटेकोर म्हणत. साडेचारला लेकीचं शाळेत नाटक होतं. ती द्वारपाल. वाक्य एकच, "महाराज आले हो!" पण ते ऐकायला बाबा हवेच, असं तिने बजावलं होतं.

चारच्या ठोक्याला काटेकोर डबा घेऊन उठला. बघतो तर समोर साहेब टेबलापाशी उभे! मान खाली, चेहरा गंभीर!

कोणीतरी गेलं वाटतं, असं त्याच्या मनात आलं. त्याने डबा पोटाशी धरला आणि मान खाली घातली. दोघं उभे दिसताच हेडक्लार्क उठला, मग टायपिस्टबाई उठल्या, मग अख्खं ऑफिस!

दोन मिनिटं झाली. पाच झाली. आधी मान वर करणार कोण? काटेकोरने हळूच एक पाय दाराकडे सरकवला, तर टायपिस्टबाईंनी असं बघितलं की पाय आपोआप मागे आला.

"किती वेळ?" तो हेडक्लार्कच्या कानाशी पुटपुटला.

"श्श! काही लाज?"

शिपाई चहाचा ट्रे घेऊन आला आणि तसाच दारात थबकला. चहावर साय धरली. चौकशीच्या खिडकीबाहेर उभ्या असलेल्या माणसाने टोपी काढली. घड्याळात चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. काटेकोरला रडू यायचं बाकी होतं. ते बघून बाईंनाही हुंदका आला.

अखेर शिपायाचे हात भरून आले आणि एक कप खाली पडून फुटला. साहेब दचकून म्हणाले, "बसा!"

"फार भला माणूस होता हो," हेडक्लार्क डोळे पुसत म्हणाला.

"परवाच भेटले होते!" बाई म्हणाल्या.

काटेकोर दाराशी पोचतो न पोचतो, तोच साहेबांनी त्याला गाठलं. आवाज खाली आणून विचारलं, "सगळ्यांत आधी तुम्ही उभे होतात. कोण गेलं हो?"

"मी? साहेब, तुम्हीच मान खाली घालून..."

"अहो, मी पेनाचं टोपण शोधत होतो! वर बघतो तर तुम्ही सगळे माना खाली घालून उभे! मग मी कसा बसणार?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. "कोणाला बोलू नका," साहेब म्हणाले.

काटेकोर धावत सुटला. शाळेत पोचला तेव्हा पडदा पडत होता आणि सगळे टाळ्या वाजवत होते. त्यानेही मागे उभं राहून, डबा काखेत धरून, तळहात लाल होईपर्यंत वाजवल्या. फार वाईट वाटत होतं, म्हणून जरा जास्तच वाजवल्या.

"बाबा!" मिशा लावलेली लेक धावत आली. "मी कशी बोलले?"

शेजारचे गृहस्थ म्हणाले, "छान!"

"फारच छान!" काटेकोर म्हणाला. "शब्द न् शब्द ऐकला!"

लेकीचा चेहरा पडला. "पण मी बोललेच नाही. तुम्ही दिसला नाहीत आणि मी वाक्यच विसरले. मान खाली घालून नुसती उभी राहिले. मग महाराज आले, तेही तसेच उभे राहिले. मग प्रधान. मग सगळेच!"

काटेकोरने डबा पोटाशी धरला आणि मान खाली घातली. लेकीमागून आलेल्या बायकोने एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे.

"बापाच्या वळणावर गेलीय," ती म्हणाली. "आणि अहो, आता तरी तो डबा खाली ठेवा."