साळवे भाऊंची झोपायच्या जागांची वही

रविवारी सकाळी नऊला बेल वाजली, की समजायचं, साळवे भाऊ. हातात वही, कानावर पेन्सिल. "जयभीम वहिनी. झोपायच्या जागेत काही बदल?"

मोठा भूकंप येणार, याबद्दल भाऊंना शंका नाही. शिरगावातल्या आमच्या बिल्डिंगमधल्या सोळा घरांची कपाटं त्यांनी स्वतः ड्रिल मारून भिंतीला आवळली. प्रत्येकाच्या उशाशी शिट्टी, पलंगाखाली चपला. पण खरा जीव त्या वहीत. कोण कुठे झोपतं, डोकं कुठल्या भिंतीकडे, रात्री कुठे, दुपारी कुठे. "ढिगारा कुठून उपसायचा ते आधीच विचारलेलं बरं," असं ते आमचे पोहे खाताखाता सांगतात.

तिसऱ्या मजल्यावरची नवी नवरी हे ऐकून आत पळाली. नवरा म्हणाला, "भाऊ, भांडण झालं की मी हॉलमध्ये."

"आठवड्यातून किती वेळा?" भाऊंनी गंभीरपणे लिहून घेतलं.

माझी मुलगी म्हणते, "आई, हा माणूस भूकंपापेक्षा डेंजर आहे."

सगळे हसतात. मीही हसायचे. मला तो हक्क नव्हता.

आधी आम्ही नि भाऊ उल्हासनगरला समोरासमोर राहायचो. एका दुपारी त्यांच्या घरावर वरचा स्लॅब कोसळला. भूकंप वगैरे काही नाही, बिल्डिंगच तशी होती. भाऊ अंबरनाथला कारखान्यात ड्युटीवर. घरात त्यांची बायको शालन, एकटी. फायर ब्रिगेडवाल्याने मला विचारलं, "बाई कुठे असतील?"

पाण्याच्या पाइपावरून भांडण झाल्यापासून महिनाभर मी शालनशी बोलत नव्हते. ती दुपारी कुठे पडते, मला ठाऊक नव्हतं. पण समोरची शेजारीण असून 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली. "आतल्या खोलीत," मी ठासून सांगितलं.

दोन तास आतली खोली उपसली. शालन स्वयंपाकघरात होती, ओट्याखाली शिरलेली. काढली तेव्हा अंग अजून गरम होतं.

आठ वर्षं मी हे कुणाला सांगितलं नाही. गेल्या रविवारी भाऊ वही उघडून समोर बसले आणि माझ्या तोंडून सगळं निघालं. लाजेसकट.

भाऊंनी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली. मग म्हणाले, "फायर ब्रिगेडवाल्यांनी मलाही फोन केला होता, वहिनी. हेच विचारायला."

"मग?"

"मीपण आतली खोलीच म्हणालो. अंदाजाने. बावीस वर्षांचा संसार, पण दुपारी मी घरी होतो कधी? तुमचं नि माझं एकच निघालं, म्हणून त्यांनी दुसरीकडे बघितलंच नाही."

मला रडू आवरेना. भाऊंनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"भांडणाच्या आधी ती दुपारची तुमच्याकडे यायची ना?"

"यायची. कारखान्यातून घरी आणलेल्या जीन्सचे धागे कापायला बसायचो आम्ही."

"काय बोलायची?" मी पदराने डोळे पुसले, तसे ते हळूच म्हणाले, "सांगा की. मला तिची एकही दुपार माहीत नाही."